हरवलेला तोल आणि खेळाचा आधार

सरळ उभे राहणे ही माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली क्रिया आहे की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. पहाटेच्या अंधारात वसतिगृहाचा जिना उतरताना, हातात ताट घेऊन भोजनगृहातील गर्दीतून वाट काढताना, मैदानावर चेंडूमागे धावता धावता एकदम वळताना आपण तोल सांभाळतो. पण ‘मी आता तोल सांभाळत आहे’ असा विचार कोणाच्याही मनात येत नाही. श्वासासारखीच ही क्रिया नकळत चालू असते. ज्याच्याकडून ती हिरावली जाते, त्याचे जग मात्र पालटून जाते. अंथरुणातून उठताना खोली फिरते, रस्ता ओलांडण्यासाठी मान वळवली की पाय डगमगतात, बाजारातील गर्दी नुसती पाहिली तरी घेरी येते. अशी व्यक्ती हळूहळू घराबाहेर पडणे सोडून देते. पाहणाऱ्याला तिच्या अंगावर जखम दिसत नाही की प्लास्टर दिसत नाही. म्हणून ‘पित्त झाले असेल’, ‘अशक्तपणा असेल’ असे म्हणून तिची समजूत घातली जाते.

या रुग्णांच्या उपचारात व्यायामाला फार मोठे स्थान आहे. गेल्या सुमारे दोन दशकांत त्या व्यायामाला एका अनपेक्षित साधनाची जोड मिळाली. ते साधन म्हणजे व्हिडिओ गेम. ज्या खेळापायी मुले अभ्यास विसरतात अशी पालकांची नित्याची तक्रार असते, तोच खेळ रुग्णालयात कसा पोहोचला, तेथे तो नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक शब्द, अनेक त्रास

आपल्या भाषेत या त्रासासाठी शब्दांची वाण नाही. चक्कर येणे, भोवळ येणे, घेरी येणे, गरगरणे, झोक जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे कितीतरी शब्द आपण वापरतो, आणि बहुधा एकाच्या जागी दुसरा वापरतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. एकदम उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा बहुधा रक्तदाब क्षणभर उतरलेला असतो. आपण स्थिर असूनही भोवतालच्या भिंती फिरत आहेत असे वाटते, तेव्हा कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाकडे किंवा त्याच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागाकडे संशय वळतो. काही फिरत नाही, पण चालताना एका बाजूला झोक जातो, हा तिसरा प्रकार. म्हणून डॉक्टरांना केवळ ‘चक्कर येते’ असे सांगण्यापेक्षा खोली फिरते की पाय डळमळतात, त्रास काही क्षण राहतो की काही तास, कूस बदलल्यावर होतो की उभे राहिल्यावर, ऐकू कमी येते काय, हे सांगणे अधिक उपयोगी ठरते. योग्य निदानाची निम्मी वाट अशा नेमक्या उत्तरांतूनच जाते.

तोलाचे तीन साक्षीदार

शरीराचा तोल राखण्यासाठी मेंदू तीन साक्षीदारांची साक्ष घेत असतो. पहिला साक्षीदार म्हणजे डोळे. क्षितिज कोठे आहे, भिंत सरळ आहे की तिरपी, हे ते सांगतात. दुसरा साक्षीदार म्हणजे पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू. जमीन कठीण आहे की भुसभुशीत, शरीराचा भार टाचेवर आहे की चवड्यावर, ही वार्ता तेथून येते. तिसरा साक्षीदार दोन्ही कानांच्या आत, कवटीच्या हाडात दडलेला आहे. प्रत्येक आंतरकर्णात एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका डोक्याबरोबर वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो आणि नलिकेतील संवेदनक्षम पडद्याला वाकवतो. या वाकण्यातून ‘डोके अमुक दिशेने वळले’ हा संदेश चेतेमार्फत मेंदूकडे जातो. नलिकांशेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत चुनखडीच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. डोके कलले किंवा शरीर पुढे-मागे, वर-खाली सरकले, की ते या थरामुळे समजते.

फुगडी घातलेल्या प्रत्येकीने या यंत्रणेचा अनुभव घेतलेला आहे. बराच वेळ गरगर फिरल्यावर नलिकांतील द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो. हात सुटतात, पाय थांबतात, पण द्रव लगेच थांबत नाही. तो पडद्याला उलट दिशेने वाकवत राहतो. डोळे व पाय सांगतात, ‘आपण उभे आहोत’. कान सांगतो, ‘आपण फिरत आहोत’. साक्षीदारांच्या या मतभेदालाच आपण चक्कर म्हणतो. निरोगी माणसाचा मतभेद काही क्षणांत मिटतो, रुग्णाचा मात्र तसा मिटत नाही.

ऑस्ट्रियातील वैद्य रॉबर्ट बारानी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या इंद्रियाची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत शोधली. रुग्णांचे कान धुताना पाणी फार गार किंवा फार ऊन असेल तर त्यांना चक्कर येते व डोळे विशिष्ट दिशेने हिसके घेतात, हे त्यांनी हेरले. तापमानातील फरकाने आंतरकर्णातील द्रवात प्रवाह निर्माण होतो, हे त्यामागील कारण त्यांनी मांडले. या कार्यासाठी १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाचे युद्धकैदी होते. कान धुण्यासारख्या नित्याच्या कामातही लक्षपूर्वक पाहणाऱ्याला शास्त्र सापडते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता एक छोटा प्रयोग करून पाहावा. वही डोळ्यांसमोर धरून डोके स्थिर ठेवावे आणि वही डावी-उजवीकडे भरभर हलवावी. अक्षरे पुसट होतात. नंतर वही स्थिर धरावी आणि तितक्याच वेगाने मान डावी-उजवीकडे हलवावी. अक्षरे वाचता येतात! दोन्ही वेळा वही आणि डोके यांच्यातील हालचाल सारखीच होती. मग फरक का पडला? डोके हलताच आंतरकर्णाचा संदेश डोळ्यांच्या स्नायूंना मिळतो आणि डोळे तेवढ्याच वेगाने उलट दिशेला वळतात. त्यामुळे दृष्टिपटलावरील चित्र स्थिर राहते. ही प्रतिक्षिप्त क्रिया साधारणतः सेकंदाच्या शंभराव्या भागात घडते. ज्याचा आंतरकर्ण बिघडला आहे, त्याला दुसऱ्या वेळीही अक्षरे पुसट दिसतात. चालताना दुकानाच्या पाट्या उड्या मारतात, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येत नाही. तोलाचा आजार हा एका अर्थी दृष्टीचाही आजार होतो, तो असा.

मेंदूची भरपाई आणि भीतीचा फेरा

डोके स्थिर असतानाही दोन्ही कानांतून मेंदूकडे सारख्या प्रमाणात संदेश जात असतात. एखाद्या संसर्गानंतर एका बाजूच्या चेतेला सूज आली की त्या बाजूचे संदेश एकदम घटतात. दोन पारड्यांपैकी एक हलके व्हावे तसे होते आणि मेंदू त्या फरकाचा अर्थ ‘डोके फिरत आहे’ असा लावतो. रुग्णाला काही दिवस भयंकर गरगरते, उलट्या होतात, उठवत नाही. पुढे हा जोर ओसरतो. कान पूर्ववत झाला नाही तरी मेंदू, विशेषतः अनुमस्तिष्क, नव्या परिस्थितीचा हिशेब पुन्हा मांडतो. या क्रियेला भरपाई म्हणता येईल.

ही भरपाई अंथरुणावर पडून पूर्ण होत नाही, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. डोके हलवल्यावर चित्र पुसट झाले, पाय डगमगले, तरच मेंदूला आपल्या हिशेबातील चूक कळते. चूक कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. म्हणजे ज्या हालचालीने थोडी चक्कर येते, तीच हालचाल मोजूनमापून, वारंवार करणे हा औषधाचा भाग ठरतो. रुग्णाचे मन नेमके याच्या उलट सांगते. चक्कर येईल म्हणून तो मान ताठ ठेवतो, हळू चालतो, भिंत धरतो, शेवटी चालणेच टाळतो. हालचाल नाही म्हणून भरपाई नाही, भरपाई नाही म्हणून चक्कर, चक्कर म्हणून पुन्हा भीती, असा फेरा सुरू होतो. वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत या फेऱ्याचा शेवट अनेकदा पडण्यात आणि खुब्याचे हाड मोडण्यात होतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांच्या तीव्र त्रासात उपयोगी असतात; परंतु त्या महिनोन्‌महिने घेत राहिल्यास मेंदूची भरपाई लांबू शकते. म्हणून त्या किती दिवस घ्यावयाच्या, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

एक प्रकार मात्र निराळा आहे. वर उल्लेखिलेले चुनखडीचे स्फटिक काही वेळा आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग कूस बदलली किंवा फळीवरील डबा काढण्यासाठी मान वर केली की काही क्षण जोरात गरगरते. यावर अमेरिकेतील डॉ. जॉन एपली यांनी १९८० च्या सुमारास एक युक्ती प्रचारात आणली. रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक पुन्हा मूळ पिशवीत सरकवावयाचे, एवढीच ती युक्ती. पुष्कळदा एक-दोन वेळच्या उपचारातच आराम पडतो. अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे खेळ खेळविण्याची आवश्यकता नसते. आधी निदान आणि मग उपचार, हा क्रम म्हणूनच सोडता येत नाही.

चेंडूपासून सुरू झालेला उपचार

व्यायामाने चक्कर बरी करण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये डोक्याला मार लागलेले आणि आंतरकर्णाची शस्त्रक्रिया झालेले अनेक रुग्ण होते. कर्णतज्ज्ञ टेरेन्स कॉथॉर्न यांच्या असे ध्यानात आले की जे रुग्ण लवकर हालचाल सुरू करतात, ते लवकर सावरतात. त्यांनी पुनर्वसनाचे काम पाहणारे डॉ. कुक्सी यांच्या सहकार्याने व्यायामांचा एक क्रम बसविला. १९४० च्या दशकाच्या मध्यास तो प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर वापरात आहे. प्रथम अंथरुणात पडल्या पडल्या केवळ डोळे वर-खाली व आजूबाजूला फिरवावयाचे. मग मान, आधी हळू व नंतर वेगाने. पुढे बसून, नंतर उभे राहून. डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकणे, तो गुडघ्याखालून पलीकडे देणे, जिना चढणे-उतरणे असे टप्पे पुढे येतात. क्रमाच्या शेवटी वाकणे, ताणणे आणि नेम धरणे ज्यात आहे असा कोणताही खेळ खेळावा, अशी सूचना आहे. हे व्यायाम एकट्याने न करता गटाने करावेत, यावर त्यांचा भर होता.

खेळ हा या उपचारात बाहेरून घुसलेला पाहुणा नाही, हे यावरून दिसून येईल. तो पहिल्या दिवसापासून घरातलाच आहे. वाकणे, ताणणे आणि नेम धरणे या तीन गोष्टी आपल्या लगोरीत एकत्र आलेल्या आहेत, हे कोणत्याही विद्यार्थ्याला सहज उमगेल.

या उपचाराची उपयुक्तता पुढे काटेकोर पद्धतीने तपासली गेली. जगभरातील संशोधनाचा पक्षपातरहित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात एका बाजूच्या आंतरकर्णाच्या बिघाडाविषयीचे ३९ अभ्यास विचारात घेतले गेले. त्यांत एकूण २,४४१ व्यक्तींचा समावेश होता. व्यायामाधारित पुनर्वसन सुरक्षित व परिणामकारक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग अडचण कोठे आहे? अडचण सरावात आहे. भिंतीवर चिकटवलेल्या एका अक्षराकडे पाहत मान डावी-उजवीकडे हलवीत राहणे, उशीवर पाय जुळवून उभे राहणे, हे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा, अनेक आठवडे करावयाचे असतात. ते कंटाळवाणे आहेत, सुरुवातीला त्यांनी मळमळते, आणि आज कालच्यापेक्षा किती सुधारणा झाली हे रुग्णाला दिसत नाही. पाठांतर सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याची आणि व्यायाम सोडून देणाऱ्या रुग्णाची मनःस्थिती फारशी वेगळी नसते.

पडद्यावरचा खेळ, पायाखालची फळी

२००६ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘वी’ हे खेळाचे यंत्र बाजारात आणले. बोटांनी कळ दाबण्याऐवजी हात हलवून खेळावयाचे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. २००७ च्या डिसेंबरात जपानमध्ये त्याच्या जोडीला ‘वी फिट’ हा व्यायामाचा खेळ आणि ‘बॅलन्स बोर्ड’ नावाची फळी आली. ही फळी वजनकाट्यासारखी दिसते. तिच्या चार कोपऱ्यांत भार मोजणारे चार संवेदक असतात. खेळाडू फळीवर उभा राहिला की चारही कोपऱ्यांवरील भाराच्या फरकावरून शरीराचा भार कोणत्या क्षणी कोठे झुकला आहे, हे यंत्राला कळते. उजवीकडे झुकल्यास पडद्यावरील आकृती उजवीकडे जाते, डावीकडे झुकल्यास डावीकडे. एका खेळात समोरून येणारे चेंडू डोक्याने टोलवावयाचे आणि मधूनच फेकला जाणारा बूट चुकवावयाचा असतो. दुसऱ्यात फळी तिरकी करून गोट्या भोकांत पाडावयाच्या असतात. तिसऱ्यात बर्फाच्या उतारावरून नागमोडी घसरत जावयाचे असते.

भौतिकोपचारतज्ज्ञांच्या नजरेतून पाहिले तर हा सारा भार सरकविण्याचा व्यायाम आहे. ज्या प्रयोगशाळांत तोल मोजला जातो, तेथे हेच माप घेणारी भारमापक फळी असते आणि तिची किंमत कितीतरी पटींनी अधिक असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळण्यातील फळीची मापे प्रयोगशाळेतील फळीच्या मापांशी ताडून पाहिली गेली, तेव्हा उभ्या स्थितीतील तोल मोजण्यासाठी ती पुरेशी विश्वसनीय असल्याचे आढळले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ हा कॅमेरा आणला. त्यासमोर हातात काहीही न धरता खेळता येत असे, कारण तो शरीराच्या हालचालीच टिपत असे. पुढे डोळ्यांवर बांधावयाच्या आभासी वास्तवाच्या चष्म्यांनी आणखी एक दार उघडले. गर्दीच्या रस्त्याला घाबरणाऱ्या रुग्णाला खोलीतच, आधी मोकळा, मग थोडा गजबजलेला, मग खूप वाहता रस्ता दाखविता येऊ लागला.

खेळामुळे व्यायामात तीन गोष्टी येतात. पहिली, लक्ष शरीरावरून हटून ध्येयावर जाते. ‘मी पडेन काय?’ या प्रश्नाची जागा ‘पुढची गोटी भोकात जाईल काय?’ हा प्रश्न घेतो. दुसरी, चूक तत्काळ दिसते. भार जास्त झुकला की गोटी निसटते. मेंदूच्या भरपाईला हवी असलेली चुकीची वार्ता अशा रीतीने क्षणोक्षणी मिळत राहते. तिसरी, पायऱ्या ठरलेल्या असतात आणि कालचे गुण आजच्या गुणांशेजारी ठेवता येतात.

डब्लिनचा प्रयोग काय सांगतो?

कल्पना आकर्षक असली तरी तिची परीक्षा झाली पाहिजे. आयर्लंडमधील डब्लिन येथे अशी परीक्षा घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका बाजूच्या आंतरकर्णाचे कार्य गमावलेल्या ७१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. दोन्ही गटांना सहा आठवडे पुनर्वसनाचा उपचार मिळाला. फरक तोलाच्या व्यायामांपुरताच होता. एका गटाने ते व्यायाम परंपरागत रीतीने केले, तर दुसऱ्याने ‘वी फिट’च्या फळीवर केले.

सहा आठवड्यांच्या उपचारानंतर दोन्ही गटांच्या चालण्याचा वेग तपासला गेला, तेव्हा खेळणारा गट पुढे नव्हता आणि मागेही नव्हता. सहा महिन्यांनंतरही दोन गटांत फरक आढळला नाही. मात्र खेळणाऱ्या गटाने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. व्यायामात त्यांना अधिक आनंद वाटला, तो कमी अवघड वाटला आणि त्यानंतर थकवाही कमी जाणवला.

अतिदुर्बल वृद्धांबाबत कॅनडातील विनिपेग येथे झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक लहान अभ्यासही उल्लेखनीय आहे. तेथे भार मोजणारी चटई संगणकाच्या माउसप्रमाणे वापरून वृद्धांना उभ्याने साधे संगणकीय खेळ खेळविण्यात आले. नेहमीच्या व्यायामांच्या तुलनेत त्यांचा तोल आणि तोलाविषयीचा आत्मविश्वास अधिक सुधारला, परंतु चालण्यात तसा फरक दिसला नाही. सहभागी अवघे ३० होते, त्यामुळे त्यावरून मोठे अनुमान काढणे योग्य होणार नाही.

या दोन अभ्यासांतून निघणारा अर्थ विनम्र आहे, आणि म्हणूनच विश्वसनीय आहे. खेळात कोणतीही जादू नाही. रुग्णाला बरे करतो तो त्याचाच मेंदू, आणि मेंदूला शिकविते ती पुनरावृत्ती. खेळ त्या पुनरावृत्तीचा जाच कमी करतो. आनंद वाटणे म्हणजे सराव टिकणे नव्हे, हेही विसरू नये. पण ज्याचे पाऊल भीतीने अडले आहे, त्याच्यासाठी कमी अवघड वाटणे ही लहान गोष्ट नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

खेळ वापरण्यापूर्वी काही मर्यादा नीट समजून घेतल्या पाहिजेत. फळीवर उभे राहून भार सरकविताना रुग्ण बहुतेक वेळ सरळ पडद्याकडेच पाहत असतो. मान फारशी हलत नाही. त्यामुळे वहीच्या प्रयोगात पाहिलेली डोळ्यांची प्रतिक्षिप्त क्रिया अशा खेळाने पुरेशी घडत नाही. मान हलविण्याचे व्यायाम वेगळे करावेच लागतात. बाजारातील खेळ निरोगी तरुणांसाठी बनविलेले असतात. त्यांचा वेग वृद्धाला झेपत नाही आणि वारंवार येणारे कमी गुण त्याला नाउमेद करतात. आभासी वास्तवाच्या चष्म्याने निरोगी माणसालाही मळमळू शकते. रुग्णाला तर तो काही मिनिटांच्या मापानेच द्यावा लागतो. चमकणाऱ्या प्रकाशाने ज्यांना अपस्माराचा झटका येतो, त्यांना असे खेळ देऊ नयेत. शिवाय यंत्रे कालबाह्य होतात. ‘किनेक्ट’चे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले, ‘वी’ तर त्यापूर्वीच थांबले. म्हणून अमुक कंपनीचे यंत्र नाही म्हणून उपचार अडतो असे समजू नये. क्रमाक्रमाने वाढणारे आव्हान, तत्काळ कळणारी चूक आणि मनापासून केलेली पुनरावृत्ती ही तीन तत्त्वे टिकाऊ आहेत. ती चेंडू, जाड उशी आणि खडूने आखलेली रेघ यांच्या साहाय्यानेही पाळता येतात.

विद्यार्थ्यांनी आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. खुर्चीत बसून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तासन्‌तास अंगठे फिरविणे म्हणजे तोलाचे पुनर्वसन नव्हे. येथे ज्या खेळाचा विचार केला, त्यात संपूर्ण शरीर उभे असते, वेळ मोजलेली असते आणि शेजारी जाणकार व्यक्ती असते. तेच साधन मापाने वापरले तर उपचार होते आणि माप सुटले तर व्यसन होते.

घरातील व्यक्तीस चक्कर येत असल्यास काय करावे? प्रथम हे पाहावे की बोलणे अडखळते काय, चेहरा एका बाजूस वाकडा झाला काय, हातापायांतील शक्ती गेली काय, एकाच्या दोन वस्तू दिसतात काय, अकस्मात तीव्र डोकेदुखी आहे काय, आधाराशिवाय उभेच राहता येत नाही काय. यांपैकी एकही लक्षण असेल तर ते मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडाचे असू शकते. क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तसे नसेल तरी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे आणि व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत. घरी सराव करताना पाठीमागे भिंत, समोर भक्कम खुर्ची आणि शेजारी एक माणूस असावा. ओली फरशी, सैल चपला आणि अंधार टाळावा. व्यायामाने थोडी चक्कर वाढली तर घाबरू नये. थोड्या वेळाने ती ओसरली पाहिजे. ओसरत नसेल तर व्यायामाचे माप कमी करण्याविषयी तज्ज्ञांना विचारावे.

समारोप

सुटीत विद्यार्थी आपापल्या गावी जातील, तेव्हा ‘मला चक्कर येते, मी कोठे येत नाही’ असे म्हणून ओट्यावर बसून राहिलेली आजी किंवा आजोबा कोणाच्या ना कोणाच्या घरी असतील. त्यांना महागडे यंत्र आणून देणे शक्य होईलच असे नाही. पण त्यांचा त्रास काल्पनिक नाही हे घरच्यांना सांगणे, नेमके काय होते ते आस्थेने विचारून घेणे, तपासणीसाठी त्यांच्याबरोबर जाणे, आणि तज्ज्ञांनी सांगितलेला व्यायाम करताना रोज दहा मिनिटे त्यांच्या शेजारी उभे राहणे प्रत्येकाला शक्य आहे. कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी सोबतीने व्यायाम करण्यावर भर दिला, यंत्रांनी पुढे त्याला गुण आणि चित्रे दिली. सोबत आणि आनंद यांची ही जोड घरच्या नातवंडाला अधिक सहजपणे देता येईल.

पहिले पाऊल टाकताना लहान मूल कितीदा तरी पडते आणि प्रत्येक पडण्यातून त्याचा मेंदू शिकतो. त्या वेळी कोणीतरी समोर हात पसरून बसलेले असते. म्हणूनच ते पुन्हा उठते. उतारवयात तोल हरवलेल्या माणसाला तेच शिक्षण नव्याने घ्यावे लागते. त्याच्यासमोरही कोणी हात पसरून उभे असावे, एवढीच अपेक्षा.